सन्मतीकाकांची सुसूत्रता

बोरगावच्या स्टँडसमोर सन्मती मगदुमाचं पाइपांचं दुकान आहे. ठिबकच्या नळ्या, मोटारीचे पाइप, टी, एल्बो, कपलर, व्हॉल्व्ह, असलं सगळं. दुकानावर मोठ्या अक्षरांत कन्नड पाटी, तिच्याखाली बारक्या अक्षरांत मराठी, आणि गावातलं कुणीच ती दोन्ही वाचत नाही, कारण सगळे त्याला 'काकांचं दुकान' म्हणतात. सन्मती म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसणारा माणूस. अंगात एकच खोड. जगात एका जातीच्या वस्तूला एकच नाव असावं, असं त्याला वाटे. ही खोड दुकानापुरती राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

खरं तर दुकानातही ती चालली नव्हती. एकदा त्यानं सगळ्या खणांवर एकसारख्या चिठ्ठ्या डकवल्या. 'जोड, सरळ', 'जोड, काटकोनी', 'जोड, तिहेरी'. दुकानात कामाला असलेला भरमा त्या चिठ्ठ्यांकडं देवळात आल्यासारखा हात जोडून बघत राहिला. गिऱ्हाईक म्हणे एल्बो द्या, भरमा म्हणे जरा थांबा, काका जेवून येऊ द्यात. मग काका जेवून आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एका शेतकऱ्याला काटकोनी एल्बोच्या जागी तिहेरी टी बांधून दिली. शेतकरी परत आला तो थेट सदलग्याहून, आणि जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. खोड काही गेली नाही, ती इंटरनेटवर गेली.

इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश चालतो. कुणीही त्यात लिहावं आणि कुणीही खोडावं, असा कारभार. गिऱ्हाईक नसलं की सन्मती गल्ल्यामागं बसून त्यात काम करी. लेख लिहायची आपली ऐपत नाही हे तो स्वतःच सांगे. पहिलं वाक्य झालं की दुसऱ्याला त्याला घाम फुटे. म्हणून त्यानं वर्ग लावायचं काम धरलं होतं. म्हणजे कुठला लेख कुठल्या खणात जाईल ते ठरवायचं आणि खणावर नाव घालायचं. थोडक्यात पाइपांचंच काम, पण इथं सदलग्याहून कुणी शिव्या द्यायला येत नाही, एवढा फायदा.

तिथं त्याला देशांच्या वाटण्या सापडल्या आणि त्याचं डोकं फिरलं. जपानचे प्रभाग. रशियाची ओब्लास्तं. स्वित्झर्लंडचे कँटन. एका देशाचे विभाग, दुसऱ्याचे प्रदेश, तिसऱ्याची राज्यं, आणि ही राज्यं केवढी, तर आपल्या चिकोडी तालुक्याएवढी. ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहून ठेवलेलं. सन्मतीला जेवण गोड लागेना. त्यानं चर्चेच्या पानावर प्रस्ताव मांडला. देश कुठलाही असो, पहिली वाटणी म्हणजे प्रांत, दुसरी म्हणजे जिल्हा, तिसरी म्हणजे तालुका. सगळ्या जगाला एकच माप. खाली त्यानं लिहिलं, 'सुसूत्रता हवी.'

आता बघा, या माणसाचं घर जागचं न हलता चिकोडी तालुक्यातनं निपाणी तालुक्यात गेलेलं. स्वतःच्या जिल्ह्याला हा बँकेत बेळगावी म्हणे, पाहुण्यांत बेळगाव म्हणे, आणि मोबाइलच्या बिलावर त्याचं तिसरंच काहीतरी छापून येई, तेही तो निमूट भरी. असल्या माणसानं स्वित्झर्लंडची घडी बसवायला निघावं, यातली गंमत त्याला कळत नव्हती असं नाही. पण घरची घडी आपल्या हातात नाही, निदान परक्याची तरी बसवू, असं तो म्हणे आणि स्वतःच हसे.

प्रस्तावाला एकानंच नेटानं विरोध केला. त्यानं नाव घेतलं होतं 'हिंडलगेकर'. हिंडलगा म्हणजे बेळगावच्या कडेला, मोठ्या तुरुंगाचं गाव. आमच्या भागात 'हिंडलग्याला जाशील' म्हटलं की पोर दंगा थांबवतं. त्यामुळं हा माणूस भिंतीच्या बाहेरचा आहे की आतला, ही शंका सन्मतीला पहिल्यापासून होती. आतला असेल तर त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याला वेळच वेळ. हिंडलगेकरानं लिहिलं, 'ज्या देशातली माणसं आपल्या वाटणीला जे म्हणतात तेच नाव ठेवावं. वर एक मोठा खण करा, देशांच्या पहिल्या वाटण्या म्हणून. त्यात सगळे आपापल्या नावानं बसू द्यात.'

'मग सुसूत्रता कुठं राहिली?' सन्मतीनं विचारलं.

'वरच्या खणात,' हिंडलगेकरानं लिहिलं.

यावर सन्मतीनं 'कृपया व्यक्तिगत टीका टाळावी' असं लिहिलं. बाकीचे लोक या वादाला इतके कंटाळले होते की त्यांनी कौल देऊन अंग काढून घेतलं. जपानपासून सुरुवात करून बघा, असं ठरलं. त्या दिवशी सन्मतीनं भरमाला पेढे दिले. भरमानं विचारलं, काका, कशाचे पेढे. जपानचे, म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही.

नेमकं याच दिवसांत त्रिशलाचं लग्न ठरायला आलं. त्रिशला ही सन्मतीची एकुलती एक लेक. बेळगावात एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती, शनिवारी घरी यायची. आणि ती सन्मतीला, आपल्या सख्ख्या बापाला, काका म्हणायची.

इथं मगदुमांच्या घराची मांडणी सांगायला पाहिजे. घर एकत्र. थोरला भाऊ कुमार, त्याला सन्मती अण्णा म्हणे, म्हणून कुमारची पोरंही आपल्या बापाला अण्णाच म्हणत. ती पोरं सन्मतीला काका म्हणत आणि सन्मतीच्या बायकोला, म्हणजे क्षमाला, काकू. त्रिशला घरातलं शेंडेफळ. ती बोलायला लागली तेव्हा घरभर काका-काकूचा घोष चाललेला, तिनंही तोच उचलला. घरात आई एकच, ती म्हणजे म्हातारी चंपाबाई, तिला नातवंडांपासनं भरमापर्यंत सगळे आई म्हणत. आमच्याकडं असली घरं गल्लोगल्ली आहेत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि कुणाचा बाप कोण याचा घोळही होत नाही.

घोळ झाला तो पाहुणे आले त्या दिवशी. मुलगा श्रेणिक जयसिंगपूरचा. त्याच्याबरोबर आईवडील आणि पुण्याची एक मावशी. सन्मती दुकानात अडकला होता. त्रिशलानं पोहे आणून ठेवले आणि अदबीनं सांगितलं, "काका आत्ता येतील. काकू आत चहा करतायत." मावशीनं तिच्याकडं जरा निराळ्याच नजरेनं बघितलं. तेवढ्यात सन्मती आला, बोटांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लागलेलं तसंच. मावशी उठूनच उभ्या राहिल्या.

"तुम्ही दोघांनी पोरीला किती छान वाढवलंय हो," त्या म्हणाल्या. "हल्ली कोण करतं एवढं. पुण्य आहे तुमचं."

सन्मतीला बरं वाटलं. पुण्याची माणसं एवढी मनमोकळी असतात हे त्याला माहीत नव्हतं. मग मावशीनं आवाज बारीक करून विचारलं, "वडील कधी गेले?"

सन्मतीला वाटलं, आपल्या वडिलांचं विचारतायत. "झाली की बरीच वर्षं," तो म्हणाला.

"काय झालं होतं?"

"काय न्हाय, वय झाल्तं. म्हातारपणानंच गेले."

मावशीच्या चेहऱ्यावर मोठा हिशेब चालू झाला. त्यांनी त्रिशलाकडं बघितलं, मग सन्मतीकडं, आणि पदर डोळ्याला लावावा की नाही ते त्यांना कळेना. तिकडं कुमारअण्णाला सगळं समजलं होतं. तो पोह्याची बशी खाली ठेवून असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. उलगडा झाल्यावर सगळेच हसले. श्रेणिकचे वडील हसून म्हणाले, आमच्याबी चुलत्याच्यात असंच हाय. तिथंच लग्न ठरलं. सन्मतीही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त हसला.

पण ते हसणं घशाखाली उतरलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून आपणच आपल्या मरणाची खबर दिली, वर कारणही सांगितलं. आणि दुसरं एक त्याला फार लागलं. श्रेणिक त्याच्या वडिलांना बाबा म्हणत होता. म्हणजे लग्नानंतर त्रिशलाही त्या माणसाला बाबा म्हणणार. बाबा हा शब्द आपल्या लेकीच्या तोंडात येणार, आणि येणार तो जयसिंगपुरात, दुसऱ्यासाठी. सन्मतीला त्या व्याह्याचा हेवा वाटला, सरळ हेवा. लेक जायच्या आधी एकदा, फक्त एकदा तिनं आपल्याला बाबा म्हणून हाक मारावी, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

आता ही गोष्ट माणसानं लेकीजवळ बसून, डोक्यावरनं हात फिरवून सांगितली असती. सन्मतीनं प्रस्ताव मांडला.

घर जैनाचं, त्यामुळं मगदुमांच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. सगळे पाटावर बसलेले बघून तो म्हणाला, "उद्यापासनं ज्यानं त्यानं आपल्या बापाला बाबा म्हणायचं आणि आईला आई. घरात जरा सुसूत्रता पायजे."

"मला पोरं अण्णा म्हणत्यात, त्यात काय बिघडलंय?" कुमारनं विचारलं.

"अण्णा म्हंजे थोरला भाऊ. तुझी पोरं तुला भाऊ म्हणत्यात. मग ती आन् मी एका पायरीवर आलो की."

"मग जा की त्यांच्यासंगं क्रिकेट खेळाय," कुमार म्हणाला आणि आमटी ओरपली.

क्षमा वाढता वाढता म्हणाली, "मला काकूच बरं हाय. आई म्हणून हाक मारली तर मी सासूबाईंना बोलवाय जाईन."

चंपाबाईनं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "सन्मती, तू तुझ्या बाला काय म्हणत होतास रं?"

सन्मतीनं ताटाकडं बघितलं. त्याचे वडील तवनाप्पा. त्यांच्या बहिणीची पोरं शाळेसाठी याच घरात राहायला होती, ती त्यांना मामा म्हणत. त्यांचं ऐकून कुमार आणि सन्मतीही त्यांना मामाच म्हणत वाढले.

"मामा," तो म्हणाला.

"मग मामा म्हटलास म्हणून त्येनं तुला खायाला कमी घातलं व्हय?"

"ती जुनी चूक हाय, आई. आता दुरुस्त करायची."

यावर कुमारची पोरं पाण्याचं निमित्त करून उठून गेली आणि आतनं हसू ऐकू आलं. एकटी त्रिशला हसली नाही. तिनं बापाकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं. मी म्हणते की." सन्मतीनं त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पण शब्द काही तिच्या जिभेवर बसेना. घरी आली की सकाळी ती दारात येऊन "बा" म्हणे आणि तिथंच थांबे. काका म्हणायचं नाही हे तिनं ठरवलं होतं, बाबा तोंडातनं निघत नव्हतं. शेवटी तिनं हाक मारणंच सोडलं. समोर येऊन उभी राही आणि म्हणे, जेवायला चला. बेळगावहून फोन केला की आधी 'काका, काय करताय' असं यायचं, आता 'हॅलो, मी बोलतेय' असं येऊ लागलं, बँकेतनं आल्यासारखं. बाबा मिळवायच्या नादात सन्मतीचा काकाही गेला होता. तुझं तू म्हण गं पोरी, असं सांगावं असं त्याला रोज वाटे. पण आपणच मांडलेला प्रस्ताव आपणच मागं घ्यायचा तर कुमारअण्णाला तोंड कसं दाखवायचं? वर मनात अजून आशा होतीच, कुठं न्या अशा हट्टाला.

तिकडं जपानचंही तसंच झालं. सन्मतीनं 'प्रभाग' हे जुनं नाव काढून टाकलं, नवा 'प्रांत' खण उघडला, आणि लेख एका खणातनं दुसऱ्यात हलवायचे राहूनच गेले. जपानचे सगळे तुकडे कुठल्याच खणात नसलेले, उघड्यावर पडलेले. लग्नाच्या गडबडीत त्याला ते कळलंही नाही. हिंडलगेकरानं खाली एकच ओळ लिहिली होती. 'जुनं नाव पुसायच्या आधी नव्यात कुणी बसतंय का ते बघत चला.' सन्मतीनं ती वाचली, फोन उपडा ठेवला आणि भरमाला उगाचच पाइप मोजायला लावले.

लग्न निपाणीच्या कार्यालयात दुपारचं झालं. उपाध्यांनी संकल्प सोडताना जंबुद्वीप म्हटलं, भरतक्षेत्र म्हटलं, आर्यखंड म्हटलं. मांडवात बाप म्हणून बसलेल्या सन्मतीच्या डोक्यात आलं, द्वीप, क्षेत्र, खंड, यांच्या पायऱ्या कुणी लावल्यात. मग उपाध्ये 'कर्नाटक प्रांते' म्हणाले आणि तो गालात हसला. हा माणूस स्वतःच्या लेकीच्या लग्नात हे बघत होता, यावरनं त्याची परीक्षा करा.

पाठवणीची वेळ झाली. गाडी दारात लागली, बायका रडायला लागल्या. रडू येणार हे कळल्यावर पुरुषमाणूस जे करतो तेच सन्मतीनं केलं. तो गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन बॅगा नीट बसल्या का ते बघू लागला. बॅगा कधीच नीट बसलेल्या होत्या. शेजारी श्रेणिकचे वडील उभे होते.

गाडीतनं हाक आली. "बाबा."

सन्मतीनं ती ऐकली. ऐकून तो अदबीनं बाजूला सरला आणि व्याह्यांना म्हणाला, "सूनबाई बोलवतीया तुम्हाला."

व्याही लगबगीनं खिडकीशी गेले. "काय बाळ? पाणी पाहिजे?"

"न्हाय, तुम्हाला न्हाय," त्रिशला म्हणाली. ती त्यांच्या खांद्यावरनं मागं बघत होती. "बाबा."

व्याही गोंधळून मागं वळले. सन्मतीनं त्यांना हातानं पुढं लोटलं. "अवो, जावा की. पोरगी कवाधरनं हाक मारतीया."

ज्या शब्दासाठी त्यानं घरदार वेठीला धरलं तो आला होता, एकदा सोडून दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा त्यानं तो आपल्या हातानं दुसऱ्याच्या पदरात घातला.

मग ती म्हणाली, "काका."

मोठ्यानं नाही, रोजच्यासारखंच. सन्मती वळला. वळायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं, तो वळलेलाच होता. खिडकीशी जाता जाता त्याला निपाणीचा दवाखाना आठवला. तवनाप्पा शेवटाला कुणालाच ओळखत नव्हते. डॉक्टर नावानं हाक मारून थकले, चंपाबाई थकली. मग सन्मती कानाशी जाऊन 'मामा' म्हणाला आणि म्हाताऱ्यानं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. त्यांना बाबा म्हटलं असतं तर तेही असेच दुसऱ्या कुणाला वाट करून देत बाजूला झाले असते.

"कितीदा बाबा म्हटलं," त्रिशला रडत होती आणि हसतही होती. "ठराव तुमचा, आन् तुम्हालाच ऐकाय येईना."

"मला वाटलं व्याह्यांना बोलवतीयास."

"मग आता काय म्हणू?"

सन्मतीनं खिडकीतनं हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. बोटांना आज सोल्युशन नव्हतं, क्षमानं घासून धुवायला लावली होती. "काकाच म्हण गं," तो म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं, पण दुसरं वाक्य त्याला कधीच जमलं नाही.

गाडी गेली. पुण्याच्या मावशी मागंच उभ्या होत्या. त्यांना उलगडा झाला होता, पण बहुतेक अर्धाच, कारण शेजारच्या बाईला त्या हळूच सांगत होत्या, "बघितलंत ना किती जीव आहे? काकांनी वाढवलंय हिला." सन्मतीनं ते ऐकलं. दुरुस्ती करायची एवढी नामी संधी त्यानं आयुष्यात प्रथमच सोडली.

"व्हय," तो म्हणाला, "काकानंच वाढवलं."

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यानं चर्चेचं पान उघडलं आणि प्रस्ताव मागं घेतला. जपानचे तुकडे एकेक करून परत 'प्रभाग' खणात नेऊन बसवले, आणि वर सगळ्या देशांचा एक मोठा खण केला, हिंडलगेकरानं सांगितला होता तसा. हिंडलगेकरानं विचारलं, एकदम काय झालं. सन्मतीनं लिहिलं, 'मी एका मुलीचा बाप आहे आणि ती मला काका म्हणते.' मग तो दुसऱ्या वाक्यासाठी थांबला आणि त्याला घाम फुटू लागला.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. भरमानं तो उचलला, ऐकलं आणि पाइपांच्या ढिगाआडनं हाक मारली.

"काका, तुमच्या लेकीचा फोन हाय."